नजरेतले वर्ज्यक्षेत्र

करंजओढ्याच्या माळावरच्या दृष्टिविद्या केंद्रात सकाळपासून एकच चलचित्र पुन्हा पुन्हा पाहिले जात होते. पडद्यावर एक खिल्लार वासरू गव्हाणीकडून पाण्याच्या हौदाकडे निघाले होते. निघाले होते एवढेच, पोचत नव्हते. त्याचा मागचा उजवा पाय सांधाच नसल्यासारखा ताठ राहत होता, आणि प्रत्येक पावलागणिक ते उरलेल्या तीन पायांवर स्वतःला पुढे ढकलत होते. अर्ध्या वाटेवर ते थांबले, हौदाकडे पाहिले आणि खाली बसले.

"बंद करा," डॉ. रेणुका विभूते म्हणाली.

डॉ. फैयाज मुल्लाणी यांनी ते बंद केले नाही. ते पशुआनुवंशिकीचे अभ्यासक. मराठवाड्यातून नुकतेच या केंद्रावर बदलून आले होते आणि इथल्या शिष्टाचारांना अजून सरावले नव्हते. "मी हे भरल्या गोठ्यात उभं राहून बघितलंय, बाई. तुम्ही निदान खुर्चीत बसून बघा."

"काय आहे हे?"

"ताठसांधा. आजार जुनाच आहे. पूर्वी क्वचित एखाद्या वासरात दिसायचा. आता या भागातला कुठलाही गोठा दाखवा, एक तरी सापडेल. दोष रक्तातून येतो. बापात सौम्य असतो. नुसता उभा असेल तर कळत नाही. पाऊल उचलतो त्या क्षणी सांधा किंचित अडतो. पोरांत मात्र हे असं होतं."

"मग त्या बापांना पैदाशीतून काढून टाका."

"तेच विचारायला आलोय. बाप कोण आहेत माहीत आहे? तुमच्या प्रदर्शनातले विजेते. एकूण एक. तुमच्या मुलांनी वाढवलेले, तुमच्या मुलांनी रिंगणात फिरवलेले आणि तुमच्याच मुलांनी पंच म्हणून निवडलेले. मला फक्त एवढं सांगा, इतक्या तयार डोळ्यांसमोरून हा पाय निसटला कसा?"

'तुमची मुले' हा शब्दप्रयोग रेणुकाच्या सवयीचा होता; एरवी तो कौतुकाने केला जाई. दूरस्थ पशुसंगोपन व प्रदर्शन अभ्यासक्रम हे तिचे अपत्य होते. अनुभवाला पर्याय नाही असे सांगत सांगत जुन्या जाणकारांची पिढी एकेक करून निघून जात असताना तिने तो पर्याय तयार करून दाखवला होता. शासनाला तो आवडला, कारण त्यात गोठे बांधावे लागत नव्हते. पालकांना आवडला, कारण मुलांच्या कपड्यांना शेणाचा वास येत नव्हता. विद्वानांनी त्यावर प्रबंध लिहिले. एखाद्या विद्येची अंत्ययात्रा आणि तिचा गौरवसमारंभ एकाच मांडवात उरकण्याची सोय विद्वानांना नेहमीच आवडते.

"तुम्हाला पद्धत ठाऊक नाही, म्हणून निसटला म्हणता," ती म्हणाली. "ऐका. जाणकाराला विचारा, की तुम्हाला हा खोंड चांगला का वाटला. तो सांगेल, जनावर बोलतं. म्हणजे त्याला स्वतःलाच सांगता येत नाही. ज्ञान त्याच्या जिभेवर नसतं, नजरेत असतं. म्हणून मी त्यांचं बोलणं नोंदवलंच नाही. डोळ्यांवर नेत्रवेधक चढवला आणि नजर कुठून कुठं जाते, कुठं किती टेकते, तेवढंच टिपलं. वशिंड, मान, शिंगांची बैठक, पाठीची रेघ, शेपटीचा गोंडा. हा त्या माणसाचा दृष्टिमार्ग."

"आणि तो मुलांना पाठ करायला लावलात."

"पाठ नाही. मुलं घरी बसून चष्मा लावतात, समोर जनावर दिसतं. गुरूची नजर जिथं गेली असती ती जागा क्षणभर आधी उजळते. इतकी पुसट, की कळतही नाही. पण डोळा तिकडे ओढला जातो. आम्ही तिला मार्गदीप्ती म्हणतो. काही महिन्यांनी दीप्ती बंद केली तरी नजर त्याच वाटेनं जाते. माणसाचं आयुष्य जाऊन जे मिळतं ते पोराला दोन इयत्तांत मिळतं."

फैयाज यांनी थोडा विचार केला. "म्हणजे गुरूनं जे बघितलं ते सगळं मुलांना मिळालं."

"सगळं."

"आणि गुरूनं जे बघितलं नाही?"

 रेणुकाने ताठसांधा असलेल्या एका विजेत्या वळूचे चलचित्र लावले आणि त्यावर तो पाहणाऱ्या शेकडो विद्यार्थ्यांचे दृष्टिमार्ग एकावर एक पसरवले. जिथे नजर गेली ते भाग तांबूस होत गेले. वशिंड पेटले, मान पेटली, पाठ पेटली. मागच्या उजव्या पायाशी, सांध्याच्या भोवती, एक स्वच्छ काळे वर्तुळ उरले. नजरेच्या रेषा त्याच्या कडेपर्यंत येत होत्या आणि वळसा घालून पुढे जात होत्या.

"गळू सोडून भोवतीनं पट्टी बांधावी तसं," फैयाज म्हणाले.

रेणुकाने त्या काळ्या जागेला तिथल्या तिथे नाव दिले: वर्ज्यक्षेत्र. नाव दिल्याने तिला नेहमी बरे वाटत असे. या वेळी वाटले नाही. तिने एका पिढीला आंधळे केले होते; तेही तेवढ्याच एका जागेपुरते, जिथे डोळस असणे सर्वांत गरजेचे होते.

*

अभ्यासक्रमासाठी ज्यांच्या नजरा टिपल्या होत्या त्यांपैकी दादासाहेब बाबर तेवढे हयात होते. खिल्लाराच्या नादात त्यांनी तीन बागा घालवल्या होत्या आणि चषकांनी दोन कपाटे भरली होती. दोन्हींचा त्यांना सारखाच अभिमान होता. काचबिंदूने आता दोन्ही डोळे गेले होते, तरी धोतराची इस्त्री आणि मिशीचा पीळ यांत उणे नव्हते.

"या, विभूतेबाई. संगं कोन हाय? पावलं सरकारी वाजत्यात."

"डॉक्टर आहेत. गुरांचे."

"मग बसा की. मी पण गुरातच जमा झालोय आता."

रेणुकाने वर्ज्यक्षेत्राबद्दल सांगितले. दादासाहेब ऐकताना मान हलवत होते आणि मध्येच हसू लागले. हसता हसता त्यांना ठसका लागला.

"अवो बाई, तुमी मला कुठं उभं केलं व्हतं?"

"प्रदर्शनात. तुमच्याच वळूशेजारी."

"आन् काय म्हनला व्हता? दादासाहेब, जसं प्रदर्शनात बघता तसंच बघा. मी तसंच बघितलं."

"म्हणजे?"

"पंच आदी जनावर बघत न्हाई. आदी मालकाचं डोळं बघतो. मालक काळजीनं जिकडं बघंल तिथं खोड हाय, ह्ये त्याला पक्कं ठावं. म्हनून ज्याच्या जनावरात खोड, त्यो मरंल पन तिकडं बघनार न्हाई. आमच्या बाऽनं मला पयलं ह्येच शिकवलं. वैरन टाकाया मागनं शिकलो." त्यांनी मिशीवरून हात फिरवला. "त्या वळवाचा पाय अडत व्हता. कासरा जरा डावीकडं वढला की झाकत व्हता. तुमचा चष्मा लावून मी असा बघितलो, असा बघितलो, की पाय म्हनून त्याला काई हायच न्हाई! चषक आत कपाटात हाय. बघनार?"

"नको."

"आमचं ठीक व्हतं वो," दादासाहेब जरा गंभीर झाले. "आमी झाकायचो, समोरचा हुडकायचा. त्याचं डोळं आमच्यावर, आमचं त्याच्यावर. बाजार म्हंजे त्येच की. तुमी झाकनाऱ्याची नजर घेतली. हुडकनाऱ्याची कुनाची घेतली?"

कुणाचीच घेतली नव्हती. खरेदीदार विस्कळीत असतात, घासाघीस करतात, नेत्रवेधक चढवून घ्यायला तयार नसतात. पुरस्कारप्राप्त तज्ज्ञ तयार असतात. संशोधनाच्या प्रस्तावात 'पुरस्कारप्राप्त' हा शब्द शोभतो. रेणुकाने दोष लपवण्याच्या कलेतील सर्वोत्तम माणसे निवडली होती, त्या कलेच्या सर्वोच्च क्षणी त्यांना टिपले होते, आणि तो क्षण ज्ञान म्हणून महाराष्ट्रभर वाटला होता.

परतताना फैयाज म्हणाले, "या वर्षीचा विजेता कोण होईल?"

"पाखऱ्या. प्राची सरगरचा. काजळी खिल्लार आहे. मुलगी अभ्यासक्रमात पहिली आलेली."

"मी त्याचा पाय बघितला आहे. तो जिंकला तर कृत्रिम रेतनासाठी त्याच्या रेतमात्रा सगळ्या विद्यार्थ्यांच्या गोठ्यांत जातील. म्हणजे यापुढे निरोगी वासरू शोधायला मला जिल्ह्याबाहेर जावं लागेल."

"तो जिंकणार नाही."

"पंच?"

"अनिकेत लवटे. माझ्या पहिल्या तुकडीचा विद्यार्थी." हे सांगताना एके काळी तिचा आवाज उंचावत असे.

*

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी दुपारी ती सरगरांच्या गोठ्यावर गेली. तिने एक उपाय योजला होता. चष्म्यावर तिने एक दृष्टिपडदा बसवला होता. त्यातून पाहिले की जनावराचे सगळे अंग धूसर होई आणि मागच्या पायाचा सांधा तेवढा उघडा राही. दुसरीकडे पाहायला जागाच ठेवली नाही तर आंधळ्या केलेल्या डोळ्यालाही दिसेल, असा तिचा तर्क होता.

पाखऱ्या खरोखर देखणा होता. डोळ्यांत काजळ भरल्यासारखी कड, पाठीवर पाण्याची झाक. सतरा-अठरा वर्षांची प्राची त्याच्या मागच्या पायाला कोमट तेल चोळत होती. रेणुकाला पाहताच ती उठली आणि तेलाची वाटी सहज पायाने गव्हाणीच्या आड सरकवली.

"मॅडम! तुम्ही कशाला आलात? बोलावलं असतं तर मी आले असते."

"हा चष्मा लाव, प्राची. आणि काय दिसतं ते सांग."

प्राचीने चष्मा लावला. क्षणभर पाहिले. मग तो काढून, घडी करून, आदराने दोन्ही हातांनी परत दिला.

"ताठसांधा आहे, मॅडम. उजवा. तो लहान होता तेव्हापासून. उठताना कण्हतो."

रेणुका म्हणाली, "म्हणजे तुला आत्ता दिसलं."

"आत्ता कसं? पहिल्यापासून दिसतंय."

"ते शक्य नाही. तुझा दृष्टिमार्ग मी तपासला आहे. तुझी नजर त्या पायावर एकदाही टेकलेली नाही."

प्राची गोंधळली. ज्या गुरूला पाढे येत असतील अशी आपली खात्री आहे त्याने मध्येच अडावे, तेव्हा शहाणी मुले जशी सावरून घेतात तशी ती हळू आवाजात बोलू लागली. "मॅडम, ठीक असलेल्या वळूच्या पायावर माझी नजर टेकते. टेकते ना? ह्याच्या नाही टेकत. आता कुठं टेकवायची नाही हे मला आधी कळल्याशिवाय मी ती चुकवणार कशी?"

गोठ्यात माश्यांचा आवाज होता. पाखऱ्याने शेपटी फिरवली.

"पहिले पहिले धडे होते तेव्हा नुसती ओढ लागायची. इकडे बघ, तिकडे बघ," प्राची सांगत होती. "मग लक्षात आलं, चष्मा एका जागेवरून आपल्याला घाईनं पुढं नेतो. दर जनावरात ती जागा वेगळी. एकात शिंग, एकात भोवरा, एकात खूर. डोळ्याच्या कडेला तिथलं दिसतंच की. ती जागा आधी ओळखली की मार्क जास्त पडायचे. मी सगळ्यात लवकर ओळखायचे. म्हणून तर पहिली आले."

रेणुका गव्हाणीच्या कठड्यावर बसली. तर्क इतका सरळ होता की तो आपल्याला का सुचला नाही, हे तिला कळेना; किंवा कळले, म्हणून ती बसली. टाळण्यासाठी जाणावे लागते. न चुकता टाळण्यासाठी न चुकता जाणावे लागते. काळ्या वर्तुळाला ती अंधत्व समजली होती. ते निदान होते. तिच्या अभ्यासक्रमाने दोष ओळखणारी अशी तीक्ष्ण पिढी घडवली होती, जशी या मुलखाने कधी पाहिली नसेल. आणि त्याच धड्याने, त्याच क्षणी, पुस्तकातली पुढची ओळ वाचावी तितक्या स्वाभाविकपणे, त्या पिढीला न पाहायलाही शिकवले होते. केंद्रात आंधळे असे एकच माणूस होते, आणि ते अभ्यासक्रमाला बसलेच नव्हते.

"इतरांना?" तिने विचारले. "लवटेंना?"

"सगळ्यांनाच माहीत असतं, मॅडम."

"मग कुणी बोलत कसं नाही?"

"बोलायचा धडा कुठं होता?" प्राचीच्या स्वरात टोमणा नव्हता. तिने खरोखरच आठवून पाहिले होते. "आणि एकानं बघितलं तर दुसऱ्यालाही बघावं लागेल. तुम्हीच शिकवलंय असं वाटायचं आम्हाला. म्हणजे, सभ्यता म्हणून."

रेणुका कठड्यावरून उठली. मग म्हणाली, "उद्या रिंगणात एकदा त्याच्या पायाकडे बघ. बोलू नकोस. नुसतं बघ. पंच आधी धरणाऱ्याचे डोळे बघतो. तू बघितलंस की बाकीच्यांना मोकळीक मिळेल. मग मी बोलेन. पुरावे माझ्याजवळ आहेत."

"आणि पाखऱ्या?"

"तो पैदाशीतून बाद होईल."

"बाद झालेल्यांना ट्रक घेऊन जातो," प्राची म्हणाली. "कुठं नेतो ते कुणी विचारत नाही. आमच्या तुकडीतल्या सीमानं एकदा विचारलं होतं. सगळे दुसरीकडे बघायला लागले." तिने पाखऱ्याच्या मानेखालची पोळी कुरवाळली. त्याने तिच्या खांद्यावर जड डोके ठेवले.

"मी त्याला केंद्रात ठेवून घेईन. माझा शब्द."

"बघेन, मॅडम," प्राची म्हणाली. त्या शब्दाला रेणुकाने वचन मानले.

*

प्रदर्शनाच्या दिवशी माळावर मोठा मांडव होता. फैयाज आले नाहीत. "मी तिकडे वासरांपाशी थांबतो," ते म्हणाले होते. "तिथंही कुणीतरी बघणारं हवं ना."

मांडवात अभ्यासक्रमाच्या आजी-माजी विद्यार्थ्यांची गर्दी होती. पांढरे सदरे, छातीवर केंद्राचे बिल्ले. वळू एकामागून एक रिंगणात आले. रेणुका प्रथमच जनावरांकडे न पाहता माणसांच्या डोळ्यांकडे पाहत होती, आणि आता तिला सारे वाचता येत होते. तांबड्या वळूच्या शिंगापाशी येऊन शेकडो नजरा एकदम दुसरीकडे वळल्या: शिंगाच्या मुळाशी भेग असणार. कोश्या खिल्लाराच्या खुरापाशी पुन्हा तसेच. एवढे अचूक, एवढे एकमुखी निदान कुठल्याही वैद्यकसभेत झाले नसेल. त्यावर टाळ्या पडत होत्या.

पाखऱ्या आला. प्राचीने कासरा आखूड धरला होता. हनुवटी वर, चेहऱ्यावर अभ्यासक्रमाने शिकवलेले मंद स्मित. लवटेंनी आधी तिच्या डोळ्यांकडे पाहिले. प्राचीची नजर वशिंडावर गेली, मानेवर उतरली, पाठीच्या रेघेवरून मागे सरकली, मागच्या मांडीपाशी आली. तिथे ती क्षणभर थबकली. मग तिने कासरा हलकेच डावीकडे ओढला आणि नजर शेपटीच्या गोंड्यावर नेऊन ठेवली.

लवटेंनी पाखऱ्याच्या वशिंडावर विजेत्याची झूल टाकली.

रेणुका उठली. रिंगणात शिरून तिने ध्वनिक्षेपक हातात घेतला. "ह्या वळूच्या मागच्या उजव्या पायात ताठसांधा आहे," ती म्हणाली. तिचा आवाज शांत होता. "तुम्हा सगळ्यांना ते माहीत आहे. तुम्ही कुठं बघत नाही, ते मी नोंदवलेलं आहे. ह्याची एकही रेतमात्रा इथून बाहेर जाता कामा नये. दोष ह्या मुलीचा नाही, जनावराचाही नाही. धडा मी लिहिला होता."

तिची वादाची तयारी होती. आरडाओरडा होईल, कुणी पुरावा मागेल, कुणी तिची लायकी काढेल. या सगळ्याची उत्तरे तिच्याजवळ होती. पण कुणीच काही विचारले नाही.

"मॅडमचे आभार," लवटे अत्यंत आदराने म्हणाले. "या प्रदर्शनाशी त्यांचं नातं आपण सगळे जाणतो." आणि ते टाळ्या वाजवू लागले. मांडवाने साथ दिली.

बोलताना लवटेंची नजर तिच्या शालीच्या काठावर होती. तिथून ती बिल्ल्यावर गेली, बिल्ल्यावरून केसांतल्या पांढऱ्या बटेवर, आणि मग खांद्यापलीकडे मांडवाच्या कमानीवर. रेणुकाने समोरच्या रांगांकडे पाहिले. शेकडो तयार, तीक्ष्ण, सुसंस्कृत डोळे तिच्याकडे लागले होते. हातांवर, पावलांवर, साडीच्या निरीवर, ध्वनिक्षेपकाच्या तारेवर. तिच्या चेहऱ्याच्या कडेपर्यंत ते येत होते आणि तिथून वळसा घेऊन, जराही न अडखळता, पुढे जात होते.

तिने प्राचीकडे पाहिले. दोघींत चार हातांचे अंतर होते. मुलीच्या पापण्या ओलसर होत्या, पण कासऱ्यावरची पकड ढळली नव्हती. तिची नजर शालीवरून निघाली, हळुवारपणे बिल्ल्यावर आली, केसांकडे गेली आणि कमानीवर स्थिरावली. इतका निर्दोष दृष्टिमार्ग रेणुकाने कुणाचाच पाहिला नव्हता.